सशांचा खुराक आणि अर्धं बिस्कीट

माझ्या सासऱ्यांच्या हाताला गुण आहे, असं त्यांचं सगळं गाव म्हणायचं. कुणाची गाय विताना अडली, कुणाच्या बैलाचं पोट फुगलं, की आधी आमच्या दारात माणूस यायचा आणि मग डॉक्टरला फोन जायचा. लग्न होऊन आल्यापासून मी हे ऐकत होते आणि खरं सांगायचं तर या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देत होते. मी शाळेत गणित शिकवते. हाताचा गुण मोजायचा कशात, असा प्रश्न माझ्या ओठांवर यायचा आणि नवऱ्याकडे बघून मी तो गिळून टाकायची.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. दोन वर्षांपूर्वी मामांचे गुडघे अगदीच गेले. धार काढायला बसले की उठवायला दोन माणसं लागायची. शेवटी धाकट्या दिराने गोठा बंद करायचं ठरवलं आणि उरलेली एकच गाय मामांनी स्वतः घोडेगावच्या बाजारात नेऊन विकली. गाय दिली, तिला बांधायचं दावं मात्र परत आणलं. विकलेल्या जनावराबरोबर त्याचं दावं देत नाहीत, अशी आमच्याकडची पद्धत. मग ते दावं, तीन धोतरं, टॉवेल आणि चष्म्याचं घर एवढं सामान पिशवीत घालून मामा नगरमधल्या आमच्या सावेडीच्या रो-हाऊसमध्ये राहायला आले. त्यांच्या खोलीत कॅलेंडर टांगायला एक खिळा होता. मामांनी कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं आणि खिळ्याला दावं अडकवलं. कॅलेंडरला मला दुसरी जागा काही सापडली नाही.

सावेडीत मामांना करायला काही नव्हतं. सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि शाळेच्या रिक्षा बघायचे. समोरच्या बंगल्यातल्या बाई कुत्रा फिरवायला निघाल्या की त्याची चाल बघून मला सांगायचे, "ह्याचा मागला पाय दुखतोय." एकदा मी ते त्या बाईंना सांगितलंसुद्धा. त्यांना काही ते आवडलं नाही. आठवड्याने पायाला पट्टी बांधलेला कुत्रा दिसला, तेव्हा मामा नुसतं माझ्याकडे बघून मिशीत हसले.

घरात दोन ससे होते. मुलीने बारावीच्या आधी हट्टाने आणलेले. एक पांढरा नर आणि एक करडी मादी. मुलगी शिकायला पुण्याला हॉस्टेलवर गेली आणि ससे माझ्या गळ्यात पडले. जिन्याखाली त्यांचा पिंजरा, पिल्लं नकोत म्हणून मधे जाळी लावलेला. शाळेत जाता-येता मी त्यात कोबीची पानं, गाजराचा तुकडा टाकायची. मुलीने जाताना बजावलं होतं, "आई, बिस्कीट, पाव असलं काही देऊ नकोस हं त्यांना." मी हो म्हटलं होतं. आणि तरी रोज सकाळी चहाच्या वेळी माझ्या बिस्किटातलं अर्धं मी पांढऱ्याला द्यायची. मला बघितलं की तो मागच्या दोन पायांवर उभा राहायचा. मी आल्यावर कुणीतरी आनंदाने उभं राहतंय, याचं मला फार अप्रूप होतं. वर्गातली मुलं हल्ली नाइलाजाने उभी राहतात.

ससे मी मामांच्या हवाली केले ते त्यांचा वेळ जावा म्हणून नाही, माझा वाचावा म्हणून. पहिल्या दिवशी त्यांनी पिंजऱ्यात डोकावून तोंड वाकडं केलं.

"दूध न्हाई, शेन न्हाई, औताला चालत न्हाई. कशाला पाळत्यात?"

"शोभेला, मामा."

"मग माझ्यावानीच की," ते म्हणाले.

मी हसले. नंतर भांडी घासताना ते वाक्य मला चांगलंच टोचलं.

पण जनावर ते जनावर. चार दिवसांत मामांची खुर्ची अंगणातून जिन्याखाली आली. रोज सकाळी सशांच्या लेंड्या तळहातावर घ्यायच्या, बोटांनी फोडायच्या, नाकाशी न्यायच्या, आणि हे सगळं मी समोर पोहे खात असताना. मी नाक मुरडलं की म्हणायचे, "मास्तरीनबाई, तुमी वह्या तपासता, आमी हे तपासतो." मला कबूल करावं लागलं की त्यांची तपासणी माझ्याहून मन लावून चालायची.

एका सकाळी त्यांनी मला घाईने हाक मारली. करडी मान खाली वळवून स्वतःच्याच मागून काहीतरी मऊ तोंडात घेत होती आणि चघळत होती. मामांचा चेहरा उतरला होता.

"सोताचंच खातीय. काल बघितलं, परवाबी बघितलं. तो पांढराबी तसंच करतो. अंगात कायतरी कमी पडतंय ह्यांच्या."

गोठ्यात एखादं वासरू माती चाटायला लागलं की जाणता माणूस समजतो, याच्या पोटाला काहीतरी कमी आहे. मग त्याच्या तोंडाला दोरीची जाळी, म्हणजे मुसकं, बांधतात आणि त्याचा खुराक वाढवतात. मामांनी जन्मभर अशी वासरं सुधारली होती. सशाच्या मापाचं मुसकं काही मिळण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी खुराक वाढवायचं ठरवलं. दिराला फोन करून सरकीची पेंड मागवली. रोज संध्याकाळी माझ्या एका पातेल्यात पेंड, गव्हाचा कोंडा, चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा पाण्यात भिजत पडायला लागला. सकाळपर्यंत ते टम्म फुगायचं. दुभत्या गाईपुढे ठेवतात ते हे आंबोण.

"चालेल ना सशांना?" मी विचारलं. म्हणजे वह्या तपासता तपासता, मान वर न करता विचारलं.

"गाईला चालतं, म्हशीला चालतं, शेळी तर पातेलं चाटून पुसून ठिवती."

"करा तुमच्या मनासारखं," मी म्हटलं आणि पुढची वही ओढली. सहामाही परीक्षा नुकतीच झाली होती.

ससे आंबोणावर तुटून पडले. मामांची मान ताठ झाली. मुलीचा फोन आला की माझ्या हातातून घेऊन तिला सांगायचे, "तुझी आई निस्ता कोबी घालीत हुती. आता बघ कशी गुबगुबीत हुत्यात." गाय विकल्यापासून त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता, आणि तो ऐकून मला बरं वाटत होतं हेही खरं.

आठवडा झाला नसेल. सकाळी नेहमीप्रमाणे मामा आंघोळीला गेल्यावर मी बिस्कीट घेऊन गेले तर पांढरा उभा राहिला नाही. हातातलं कुरतडलं, अर्धवट टाकलं आणि कोपऱ्यात जाऊन पाठ वर काढून बसला. दुपारी शाळेतून आले तेव्हा तो तसाच होता. पोट दगडासारखं घट्ट आणि पिंजऱ्यात त्याची एकही लेंडी नाही. मामा खुर्चीवरून वाकून त्याच्या पोटाकडे हात नेत होते. माझं डोकं फिरलं.

"प्रत्येक जनावर म्हणजे गाय नसते, मामा! जरा विचारावं कुणाला! आता हात लावू नका त्याला."

मी ससा उचलून बाजूला घेतला. मामांनी हात मागे घेतला आणि तो कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा मांडीवर ठेवला. त्या माणसाला मी हात लावू नका म्हणाले होते. ते शब्द तोंडातून गेल्याबरोबर मला कळलं की काय बोलले, पण ते परत घ्यायला माझी जीभ वळली नाही.

रिक्षाने आम्ही जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. मी नको म्हणत असताना मामा बरोबर आले, टोपली मांडीवर धरून बसले. डॉक्टर एक तरुण मुलगी होती. मामांनी तिला आंबोणात काय काय आणि किती किती, ते सगळं न लपवता सांगितलं. माती चाटणाऱ्या वासराचंही सांगितलं. ती हसली नाही, याबद्दल मी तिची जन्मभर आभारी आहे.

"आजोबा," ती म्हणाली, "ससे ते मऊ खातात ना, ते त्यांचं दुसरं जेवण असतं. गवत एकदा पोटातून गेलं की सगळा कस निघत नाही, म्हणून ते पुन्हा खातात. ते त्यांचं रवंथच समजा. त्यात काही कमी-बिमी नसतं. त्यांना मुख्य पाहिजे ते सुकं गवत. सरकीची पेंड वाईट, भिजवलेलं वाईट आणि गोड तर नकोच." मग तिने आम्हा दोघांकडे बघत विचारलं, "पाव, बिस्किटं असलं काही देता का?"

"न्हाई बाई," मामा लगेच म्हणाले. "आमच्या घरात कोन देत न्हाई तसलं. सून शिकलेली हाय माझी."

मी भिंतीवरचा कोंबड्यांच्या रोगांचा तक्ता वाचायला लागले. तो मी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला.

डॉक्टरने इंजेक्शन दिलं, तोंडात घालायला औषध दिलं आणि सांगितलं की दोन-तीन दिवसांत लेंडी पडली तर तो वाचेल. तिसऱ्या दिवशी सकाळी पडली. बारीक, वेडीवाकडी, पण पडली. मी धावत मामांच्या खोलीत सांगायला गेले. ते म्हणाले, "बरं झालं," आणि कुशीवर वळले. बघायला आले नाहीत. खुर्ची पुन्हा अंगणात गेली होती. खिळ्यावर दावं नव्हतं. ते पिशवीत गेलं होतं आणि धोतरांच्या घड्याही पिशवीत गेल्या होत्या.

"दिवाळी झाली की मला गावाकडं सोड," त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं होतं. "हाताचा गुन गेला माझ्या. जनावर कळत न्हाई आता मला."

नवऱ्याने स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं, "तू काही बोललीस का त्यांना?"

"मी काय बोलणार?" मी म्हटलं आणि फोडणीत मोहरी जरा जास्तच टाकली.

मला माहीत होतं की मी एक वाक्य बोलले असते तर निदान अर्धं ओझं त्यांच्या डोक्यावरून उतरलं असतं. पांढरा आणि करडी दोघांनी तेच आंबोण खाल्लं होतं. आजारी मात्र वर्षभर बिस्कीट खाणारा पडला होता. हा हिशेब माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलालाही सुटला असता. पण आधी मी त्यांच्यावर ओरडले होते, आणि ओरडून झाल्यावर चूक कबूल करणं मला कधी जमलेलं नाही. शाळेत फळ्यावर चुकले तरी मी म्हणते, बघू कुणाच्या लक्षात येतं ते.

बोलता येईना म्हणून मी कामाला लागले. सशांचा खुराक घरीच करायचा ठरवला. दिराने नगरला येणाऱ्या भाजीच्या टेम्पोत बांधावरच्या मारवेल गवताचे दोन भारे पाठवले, त्याबरोबर थोडा लसूणघास. आमच्या मागच्या अंगणातल्या शेवग्याचा पाला मी ओरबाडला. सगळं गच्चीवर कडक उन्हात पसरलं, दोन दिवसांत वाळवलं, कात्रीने कापलं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं. गवत सगळ्यात जास्त, त्याच्या मानाने घास थोडा, शेवगा त्याहून कमी आणि वरून एक मूठ कोंडा. वहीत प्रमाण लिहून काढलं. इतकं चोख गणित आमच्या घरात यापूर्वी कुणी जेवलं नसेल.

सशांनी ते हुंगलं आणि तोंड फिरवलं.

मी परात घेऊन मामांच्या खाटेजवळ गेले. त्यांनी हात लावला नाही, लांबूनच बघितलं.

"उन्हात वाळवलं व्हय?"

"हो."

"मग कसं खातील? वास जळाला त्याचा. हिरवेपना ऱ्हायला पायजे गवताला. सावलीत वाळव, वाऱ्यावर. आन घास लई टाकू नको, पोट धरतो."

पुढचे दोन भारे मी पाण्याच्या टाकीखाली सावलीत पसरले. वाळलं की नाही हे कसं कळायचं, ते विचारायला पुन्हा खाली गेले.

"कानाशी धर," मामा म्हणाले. "मूठभर घ्यायचं, कानापाशी न्यायचं आन चुरायचं. बोललं की वाळलं. मुकं असंल तर अजून वलं हाय, भरून ठिवलं तर बुरशी धरंल."

मी वर जाऊन मूठ कानाशी धरली. मला काही कळेना. जिना उतरून आले, चढून गेले. मामा खाटेवरून सगळं सांगत होते, अगदी बारीकसारीक. शेवग्याच्या काड्या काढू नको, त्या सशांना दात झिजवायला लागतात. कोंडा चाळून घे, धूळ नाकात जाती. कोथिंबिरीचे देठ फेकू नको, तेही वाळव. पण उठत नव्हते. परात पुढे केली की हात मांडीखाली घालून बसायचे. माझे हात कामाला लागले होते आणि ज्यांचे लागायला हवे होते ते मी बांधून ठेवले होते. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि मी रोज उद्यावर ढकलत होते.

ते बिंग शेवटी सशाने फोडलं. रविवारची दुपार होती, चहाची वेळ. मी कप आणि बिस्कीट घेऊन मामांना चहा विचारायला निघाले होते आणि मामा नेमके बाथरूमकडे जाताना जिन्यापाशी थांबले होते. पांढरा आता हिंडू-फिरू लागला होता. मला बघितल्याबरोबर तो मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि नाक हलवत माझ्या हाताकडे बघत राहिला. मामांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे.

"हा तुझ्यापुढं असा का उभा ऱ्हातो?"

कुत्र्याची चाल बघून पाय ओळखणाऱ्या माणसापुढे मी काय सांगणार होते? तरीही एक-दोन थापा मनात येऊन गेल्याच.

"मी त्याला बिस्कीट देते, मामा."

"कवापास्नं?"

"वर्ष झालं. रोज सकाळी."

"आजारी पडला तवाबी?"

"त्या दिवशी सकाळीसुद्धा."

"आन डाक्टरनीनं इचारलं तवा?"

"गप्प बसले."

मामा भिंतीला हात टेकून उभे होते. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, तेवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी आवाज चढवून हाक मारलेली नाही. त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज समोरच्या बंगल्यापर्यंत गेला असेल.

"अक्कल हाय का? पोरांना शिकवती आन मुक्या जनावराला मैदा घालती? आन मी तिथं छाती फुगवून सांगतोय, माझी सून शिकलेली हाय! आंबोन माझं चुकलं, ते चुकलंच. ते मी न्हाई म्हनत न्हाई. पर डाक्टरनीला सगळं ठाऊक नगं? निम्मंच सांगितलं तर ती औशिद कशाचं देनार? मेला असता म्हंजी?"

"चुकलं माझं," मी म्हटलं. "आणि त्या दिवशी तुम्हाला हात लावू नका म्हणाले, तेही चुकलं."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बोलणी खाल्ल्याचं ते नव्हतं. गोठ्यावर गड्याला झापताना असायचा तसा त्यांचा आवाज किती दिवसांनी घरात वाजला होता, त्याचं ते होतं. मामांनी माझ्या हातातून बिस्कीट काढून घेतलं, स्वतःच्या तोंडात टाकलं आणि चावत चावत पिंजऱ्यापाशी वाकले. गुडघे कडकड वाजले. त्यांनी एक लेंडी उचलली, फोडली, नाकाशी नेली.

"गवत लागतंय अंगाला," ते म्हणाले. मग जिन्याचा कठडा धरला. "चल वर. बघू काय वाळवून ठिवलंय ते."

सोळा पायऱ्या ते थांबत थांबत चढले. टाकीखालच्या गवतातून मूठभर घेतलं, उजव्या कानाशी धरलं, डोळे मिटले आणि चुरलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होते.

"मुकं हाय अजून. भुईवर पसरलं की खालनं दमट ऱ्हातं. पेंड्या बांधून टांगाय पायजे. दोरी हाय का?"

"कपडे वाळत घालायची आहे, नायलॉनची."

"ती नगं. गाठ सरकती तिची."

मामा थोडा वेळ टाकीच्या दोन खांबांकडे बघत राहिले. डोळ्यांनी माप घेत असावेत.

"माझ्या पिशवीत दावं हाय," ते म्हणाले. "जा, घेऊन ये."

मी खाली आले. पिशवी खाटेखाली होती, दावं तळाशी. ते काढायला वरचं सगळं बाहेर काढावं लागलं. टॉवेल मी दांडीवर टाकला, धोतरं त्यांना न विचारता कपाटात ठेवून दिली, रिकामी पिशवी स्वयंपाकघरात नेऊन बाजाराच्या पिशव्यांत घातली आणि दावं घेऊन वर गेले.